जुनाच नंबर

एक चष्मेवाले होते. दुकानात गर्दी असली की त्यांची युक्ती ठरलेली असे. गिऱ्हाइकाचा जुना चष्मा यंत्राखाली धरायचा, नंबर टिपायचा आणि तोच नव्या काचांना द्यायचा. डोळे तपासायला वीस मिनिटं लागतात, चष्मा तपासायला एक. गिऱ्हाईक खूश, तेही खूश. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो?

त्यांची थोरली बहीण शिवणकाम करायची. सहा वर्षांत ती तिसऱ्यांदा दुकानात आली.

"अरे, चालताना खांदा दाराला आपटतो. परवा जिन्यात पडले. नीट बघ ना एकदा."

"ताई, सुईत दोरा ओवतेस ना अजून? मग डोळ्यांना काय धाड भरलीय! वय झालं आता."

त्यांनी जुन्याच नंबरचा चष्मा करून दिला. घरीही सगळे तिला धांदरट म्हणत आणि ती ते हसण्यावारी नेई. 'वय झालं' म्हटलं की पुढे कुणालाच डोकं चालवावं लागत नाही.

मग एक दिवस रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली सायकल तिला दिसलीच नाही. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तपासणीनंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या चष्मेवाल्यांना आत बोलावलं.

"काचबिंदू आहे. बाजूची नजर गेलीय. मधली उरलीय, म्हणून सुई दिसते."

"औषधानं परत येईल ना?"

"गेलेली नाही येत. उरलेली राखायचा प्रयत्न करू. पाच वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरीच वाचली असती."

चष्मेवाले म्हणाले, "मला कळायला हवं होतं. माझा धंदाच हा. ती सांगत होती आणि मी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं."

"कळलं असतं हो. पण विचार करायला कष्ट पडतात. तयार उत्तर हाताशी असलं की मन तेच उचलतं. दिवसभर राबणारा माणूससुद्धा डोक्यानं आळशी असू शकतो."

ते बाहेर आले. ताई बाकावर हाताला प्लास्टर घालून बसली होती. ते तिच्या शेजारी जाऊन बसले, पण ती समोरच बघत राहिली. थोड्या वेळानं ती समोरच्या नर्सला म्हणाली, "माझा भाऊ अजून आतच आहे का हो?"

त्यांना रडू आवरेना.

"ताई, मी इथंच आहे. चुकलं माझं. तू तीनदा सांगितलंस."

तिनं मान वळवली. "मीही कुठं दुसरीकडे डोळे दाखवायला गेले? तू वय म्हणालास, मलाही तेच सोपं वाटलं."

दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बसवून विचारतात, "काय त्रास होतो?" घाईतले लोक वैतागून निघून जातात. त्याला त्यांचा इलाज नाही. ताईच्या नजरेलाही आता इलाज नाही.

वाचकहो, घरातलं माणूस तीच तक्रार पुन्हा घेऊन आलं, तर कालचं उत्तर त्याच्या तोंडावर फेकू नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा आणि नव्यानं ऐका. एवढे कष्ट आपण ज्यांच्यासाठी घेत नाही, त्यांना आपण हळूहळू गमावत असतो.