चटईवर थोपटलं तेव्हा
सराव संपताच जिममध्ये रोजचा वाद पेटला: पिंजऱ्यातल्या लढतीत सगळ्यात खतरनाक कोण? कुणी लाथा मारणाऱ्याचं नाव घेई, कुणी गळा आवळणाऱ्याचं.

"मला सोडून कुणाची नावं घेता रे?" सगळे ज्याला रेडा म्हणत, तो गुरगुरला आणि दाराकडे निघालेल्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिच्या दादाला विचारा!"

दादाची धाकटी बहीण थबकली. गेल्या लढतीत दादाने हार मानून चटईवर थोपटलं होतं, तरी रेड्याने कोपर मोडूनच हात सोडला. वर म्हणाला, "थोपटलेलं कळलंच नाही."

"चल, मलाही दाखव," ती म्हणाली.

रेड्याने हसत हात पुढे केला. तोच धरून तिने त्याला खाली खेचलं, पाय छातीवर टाकले आणि हात ताणत ती मागे झुकली. तो थोपटू लागला. कोपर कडाडेपर्यंत ती झुकतच राहिली.

"अगं बाई, थोपटत होतास का?" ती उठत म्हणाली. "कळलंच नाही."