तुटलेलं वाक्य

धाकट्याने टुमणंच लावलं होतं, "दादा, गेम आणि माझ्या खेळण्याचं रेकॉर्डिंग एकाच जुन्या हार्ड डिस्कवर टाकलं की अडकतं. रेकॉर्डिंगला वेगळी एसएसडी घेऊ या, ती डिस्क वेगवान असते." दादाने ते हसण्यावारी नेलं.

धाकटा अपघातात गेला, तेव्हा कुठे दादाने सगळ्यात वेगवान एसएसडी आणून त्याची रेकॉर्डिंग्ज तिच्यावर उतरवली. पहिलंच लावलं. खेळता खेळता धाकटा हसून म्हणाला, "आमचा दादा ना..." आणि चित्र थिजलं, आवाज तुटला. पुढे थेट गेममधला गोळीबार.

दादा तणतणत दुकानात गेला. "नवीकोरी असून अडकते."

दुकानदाराने तपासून ती परत दिली. "हिचा दोष नाही. रेकॉर्ड होतानाच जुनी डिस्क मागे पडली. तेव्हा जे उतरलंच नाही, ते आता कुठून आणू?"

घरी येऊन दादाने तेच पुन्हा लावलं.

"आमचा दादा ना..."