पूर्णपुरुषाचा अंगठा

मारुतीरावांनी अंगठा बुडवला आणि वाटीतलं पिवळं पाणी रक्तासारखं लाल झालं. शेडमध्ये मांडी घालून बसलेले शंभर-सव्वाशे पुरुष पुढे झुकले. मागच्या रांगेतले गुडघ्यांवर उभे राहिले. एकाने मोबाइल वर काढला, तो गुरुजींच्या एका शिष्याने लगेच खाली करायला लावला.

बेळगुंदीच्या रस्त्याला काजूचा एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी ओजोनाथ गुरुजींचं ‘पूर्णपुरुष शिबिर’ भरत होतं. देह वज्रासारखा, मन दगडासारखं आणि चारित्र्य धुतल्या तांदळासारखं करून देऊ, असं फाटकावरच रंगवलं होतं. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीचे कामगार, आसपासचे शेतकरी, शहरातले दोन-तीन वकील, सगळे एकाच सतरंजीवर येऊन बसत. बायकांना आत मज्जाव होता. आतली विद्या घरच्या बायकांना सांगायची नाही, अशी पहिल्याच दिवशी शपथ घ्यावी लागे.

“घाबरू नका,” गुरुजी माइकमधून म्हणाले. “पाणी खोटं बोलत नाही. पुरुषाचं सगळं ओज उजव्या अंगठ्यात उतरतं. सरकारला हे ठाऊक आहे, म्हणून तर ते अंगठा मागतं. शास्त्रज्ञांनाच तेवढं अजून कळलेलं नाही. बोला मारुतीराव, परस्त्री?”

मारुतीराव साठीचे. एके काळी बेळगुंदीच्या तालमीचं नाव त्यांनी पंचक्रोशीत गाजवलं होतं आणि अजूनही गावातली भांडणं त्यांच्या शब्दावर मिटायची. ते पाण्याकडे बघत राहिले. पाणी लाल झालं म्हणजे पाप असणार, आणि असणार म्हणजे ते आठवायला हवं. त्यांनी आयुष्यात बरंच मागे जाऊन शोधलं.

“यल्लम्माच्या जत्रंत,” ते शेवटी पुटपुटले, “एक बांगड्यावाली हुती. तिच्याकडं बघितलतो.”

“नुसतं बघितलंत?”

“न्हाय,” मारुतीराव म्हणाले. खरं तर त्यांनी नुसतंच बघितलं होतं. पण एवढ्या लाल पाण्याला तेवढं पाप अपुरं वाटत होतं.

गुरुजींनी तांब्यातलं ‘प्रायश्चित्ताचं तीर्थ’ पळीने वाटीत सोडलं. लाली विरली, पाणी पुन्हा पिवळं झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मारुतीराव डोळे पुसत खाली उतरले.

श्रीनाथ स्टेजच्या कडेला छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा होता. फाउंड्रीत सुपरवायझर, घरात थोरला. माणूस वाईट नव्हता. पोट सुटलं होतं, राग लवकर यायचा, आणि आपण बरं व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं. असल्याच माणसाला फसवणं सोपं जातं. पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगठ्याला पाणी पिवळंच राहिलं होतं, आणि त्यानंतर तो चालताना हात जरा अंगापासून दूर ठेवून चालायला लागला होता.

शिबिरात तंबाखू वर्ज्य होती. पण निपाणीच्या तंबाखूवर पोसलेला हा मुलूख. शपथ तोंडाने घेतली म्हणून हात थोडाच ऐकतो? परीक्षेच्या आधी गुरुजी चहाची सुट्टी देत. मंडळी काजूच्या झाडांमागे जात, तळहातावर मळत, चिमूट ओठात दाबत आणि हात मांडीला पुसून साळसूदपणे रांगेत येऊन बसत. गुरुजी तेवढा वेळ डोळे मिटून ध्यान करत. निदान तसं दिसे तरी.

मारुतीरावांनंतर श्रीनाथच्या धाकट्या भावाचा, सूरजचा नंबर आला. त्याला श्रीनाथनेच ओढून आणलं होतं. सूरजने नव्या वाटीत अंगठा घातला. पाणी लाल.

“बोला,” गुरुजी म्हणाले.

“काय बोलू? मी काय केलंच न्हाय.”

“ज्याचं पाप जड, त्याची जीभ जड.”

“जीभ चांगली हाय माझी. पापच सापडंना झालंय.”

दोघे-चौघे हसले. श्रीनाथला मात्र घाम फुटला. आपला भाऊ, आपण आणलेला, आणि अख्ख्या शेडसमोर हे. तो पुढे झाला आणि त्याने सूरजचा दंड धरला.

“सूरज, कबूल कर. सगळी करालेत न्हवं?”

“अण्णा, न केलेलं कसं कबूल करू रं?”

त्याचं पाणी लालच राहिलं. घरी आल्यावर श्रीनाथने त्याला दारातच अडवलं. मन साफ होईपर्यंत ह्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण उद्या कुणी ‘लपवून ठेवलं’ म्हणायला नको, म्हणून त्याने कणकुंबीला सूरजच्या सासऱ्यांना, यल्लाप्पांना, स्वतःच फोन लावला आणि जावयाचं बाहेर काहीतरी असल्याचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सूरजची बायको दिपाली बॅग भरून माहेरी गेली. सूरज उद्यमबागेत मित्राच्या खोलीवर राहायला लागला. आई, रुक्माबाई, विचारून थकली, तेव्हा श्रीनाथ तिला एवढंच म्हणाला, “परीक्षेत नापास झाला. तुला न्हाय कळायचं.”

त्याच आठवड्यात सकाळी गुरुजींनी सांगितलेले जोर काढताना श्रीनाथचं उजवं मनगट मुरगळलं. वज्रदेहाला सूज आली. रुक्माबाईने पळीत हळद कालवली, तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना त्यात घातला आणि पळी चुलीवर धरली.

श्रीनाथ बघत होता. पिवळा लेप बघता बघता लालभडक झाला.

“आई, हे लाल कसं झालं?”

“कसं म्हंजे? हळदीत चुना पडला की लालच हुतंय. ल्हानपणापास्नं तुझ्या ढोपराला हेच लावालोय की.”

तालमीतल्या प्रत्येक पोराच्या अंगाला हा लेप लागलेला होता. मारुतीरावांच्या तर उभ्या आयुष्यात कितीदा लागला असेल. श्रीनाथने आईच्या हाताकडे पाहिलं. चुना उचललेलं बोट तिने पदराला पुसलं होतं, आणि पदराच्या हळदीच्या जुन्या डागावर लाल ठसा उमटला होता. चोरून तंबाखू मळणाऱ्याचा अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि मग सूरजचा.

“ह्याच्यात लिंबू पिळलं तर?”

“परत पिवळं हुतंय. पण लेपात कशाला लिंबू पिळायचं? येडा काय तू?”

त्याने आईला सगळं सांगितलं, शपथ मोडून. तिने लेप लावता लावता ऐकून घेतलं. तिचा हात एकदाच थांबला, फोनचं सांगितलं तेव्हा.

“मला आधी का सांगितलं न्हाईस?”

“बायकास्नी सांगायचं न्हवतं.”

“व्हय तर,” रुक्माबाई म्हणाली. “सांगितलं असतं तर तुमचा गुरुजी एक दिवस टिकला नसता.”

श्रीनाथला मान वर करवेना. लाज कशाची जास्त वाटत होती, फसल्याची की भावाचा दंड धरल्याची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फसणं परवडलं असतं.

पुढच्या रविवारी शिबिराचा समारोप होता. ‘पूर्णपुरुष’ म्हणून श्रीनाथला फेटा बांधायचं ठरलं होतं. त्याने निरोप पाठवून सूरजलाही बोलावलं. सूरज आला आणि दाराशीच उभा राहिला.

फेटा पुढे आला तसा श्रीनाथने तो बाजूला ठेवला. “मारुतीआप्पा, तुमची चुन्याची डबी द्या.”

मारुतीराव गडबडले. “मी सोडलीया रं.”

“आप्पा, द्या.”

त्यांनी खाली मान घालून कमरेची डबी काढून दिली. श्रीनाथने फाटकाजवळून कडुलिंबाची काडी आणली होती. तिच्या टोकाला चुना लावून त्याने ती सगळ्यांना दाखवली आणि गुरुजींच्या वाटीत बुडवली. पाणी लाल झालं.

“आता ह्या काडीनं कुणाच्या बायकोकडं बघितलं, ते गुरुजींनी सांगावं.”

शेडमध्ये हसू पसरलं. गुरुजी गरजले, “हा अश्रद्धेचा परिणाम आहे. शंका घेणाऱ्याच्या हातून पाणी विटतं.”

“मग शुद्ध करतो की.” श्रीनाथने खिशातलं लिंबू वाटीत पिळलं. पाणी पिवळं झालं. त्याने तीर्थाच्या तांब्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. “ह्यातबी लिंबूच हाय. हळदीचं पाणी. चुना आपल्या अंगठ्याला, तंबाखूचा. जो खातो त्याचं लाल, जो खात न्हाय त्याचं पिवळं. मी तंबाखू खात न्हाय, एवढंच माझं चारित्र्य.”

शिष्याने माइक बंद केला. पण आता माइकची गरज नव्हती. गुरुजी गाडीकडे निघाले. दोन वकील, आता उशिरा का होईना, जाब विचारत त्यांच्या मागे गेले. हसणाऱ्यांचं हसूही फार टिकलं नाही. ज्यांनी पाण्यासाठी पापं जमवली होती ते एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

“आता घरच्या कारभारणीला, जयाबाईला, काय सांगू?” मारुतीराव कुणाकडेच न बघता म्हणाले. “तिच्या कानावर गेलंय. आठवडाभर बोलंना झालीया. खरं सांगितलं तरी ती म्हणणार, मग कबूल का केलंस?”

शरीर कमावलेला, कुणाला न भ्यालेला हा माणूस एका वाटीला भ्याला होता.

श्रीनाथने तिथेच सर्वांसमोर कणकुंबीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. हळद, चुना, लिंबू, सगळं सांगितलं. सूरजवर आपण खोटा आळ घेतला, हेही सांगितलं.

“हळद-चुन्याचं दिपालीनं आलती त्याच दिवशी सांगितलंय,” यल्लाप्पा शांतपणे म्हणाले. “सूरजनं तिला फोनवर परीक्षा सांगितली, तिनं एका वाक्यात वळखलं. तिचा नवऱ्यावर राग न्हाय. ती नवऱ्याला न्हाय, तुमच्या घराला सोडून आलीया.”

“मग मला का न्हाय सांगितलं?”

“तुम्ही तिला इचारलासा कुठं?”

फोन बंद झाला. सूरज जवळ आला होता. श्रीनाथने त्याच्या पायांकडे बघत म्हटलं, “सूरज, चुकलो रं.”

“अण्णा, तू पाण्याला इचारलास,” सूरज म्हणाला. “मी हितंच उभा हुतो. मला इचारायचं हुतं.”

तो मोटरसायकलीला किक मारून कणकुंबीच्या रस्त्याला लागला. ते दोघे परत ह्या घरात येतील की वेगळं बिऱ्हाड करतील, हे त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड श्रीनाथला राहिलं नव्हतं.

वाचकहो, देह कमवा, मन आवरा, चारित्र्य जपा. ह्यात वावगं काही नाही. पण माणसाचं चारित्र्य वाटीत दिसतं असं कुणी म्हणालं, तर आधी ती वाटी घरी आणा आणि आईपुढे ठेवा. जी विद्या घरच्या बाईला सांगायची बंदी असते, ती बहुतेक वेळा तिला आधीच ठाऊक असते. आणि आपल्या माणसाविषयी शंका आली, तर त्या माणसालाच विचारा. श्रीनाथचं मनगट पुढच्या आठवड्यात बरं झालं. धाकट्याची खोली अजून बंद आहे.