अकरा माणसं मोजणारा डबा

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून वर. हां, दिव्याच्या खांबावर ते गंजकं काहीतरी लटकतंय ना, तोच मी. मी एक जुना मोजणीचा डबा आहे. इथून जाणाऱ्या प्रत्येकाला मी मोजायचो. मला मात्र कुणी खिजगणतीत धरलं नाही.

कारखान्यात मला दोन डोळे बसवले आणि अक्कल दिली एकच: फूटपाथवरून गेलं ते माणूस, रस्त्यावरून गेली ती गाडी. शहरात गाड्यांचा धूर फार झाला होता. लोक कुठल्या गल्लीत जास्त चालतात ते बघायचं आणि तिथल्या गाड्या कमी करायच्या, असा महापालिकेच्या ऑफिसाचा बेत होता. कामगारांनी मला टांगलं, शिडी उचलली आणि गेले. साधं 'येतो' म्हणायचीही पद्धत नाही!

माझ्याशी बोलायच्या त्या फक्त खाली टपरी टाकलेल्या इस्त्रीवाल्या मावशी. रोज सकाळी खांबावर टकटक करायच्या. "काय रे डबड्या, किती मुंडकी झाली?" मला कुठलं तोंड? पण ती टकटक मला दिवसभर पुरायची.

एक दिवस ऑफिसातल्या मोजणीच्या बाई आल्या. मोबाइलमध्ये माझे आकडे बघत म्हणाल्या, "मावशी, टपरी उचलावी लागणार. इथे चालतंय कोण? दिवसाला अकरा माणसं! गाड्या पाच हजार. फूटपाथ काढून रस्ता रुंद करायचं ठरतंय."

"अकरा?" मावशींनी इस्त्री उभी ठेवली. "अहो, एवढे तर माझ्याकडे नुसते पत्ता विचारायला येतात! आणि अजून गाड्या आणता? आताच पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत राखाडी होतो."

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी."

"नसेल बोलत. पण त्याला कळतंय का, ते तर बघू. त्या कोपऱ्यापर्यंत चालून या बरं."

बाई निघाल्या. चार पावलांवर फूटपाथवर चढवलेली गाडी. तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. सगळेच उतरायचे तशा बाईही मुकाट्यानं रस्त्यावर उतरल्या. रस्ता त्या घडीला रिकामा होता. आणि मी, हुकमाचा ताबेदार, त्यांना मोजलं.

बाईंनी मोबाइल बघितला. माणसं तेवढीच. गाड्या एकनं जास्त.

मावशी डोकावल्या आणि टपरीला धरून हसत सुटल्या. "अगंबाई, तुमची तर गाडी झाली! वाजवा आता हॉर्न!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे तीन दिवस बाई मावशींच्या स्टुलावर बसून स्वतः मोजत होत्या. फूटपाथ वाचला. त्यावरच्या गाड्या हटल्या, मग गल्लीतल्याही कमी झाल्या. शर्ट पांढरे राहू लागले. मोजणीची नवी तऱ्हा आली, तशी माझी बॅटरी काढून नेली. मला उतरवायचं मात्र राहूनच गेलं. मावशींना पलीकडच्या रस्त्यावर पक्कं दुकान मिळालं. आता खालून शेकड्यांनी माणसं जातात, एकाचीही मान वर होत नाही.

मित्रांनो, जवळ जायचं तर चालत जा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, कुणी आकडा सांगितला, की आधी तिथे एकदा चालून बघा.

कधीतरी मावशी गाठोडं घेऊन इथून जातात. खांबावर टकटक होते. "काय रे डबड्या, किती मुंडकी झाली?"

एक, मावशी. हल्ली तेवढंच मोजतो.