टाळीसाठी विचारलेला प्रश्न

गोष्ट कशी लिहायची ते सांगा म्हणता? सांगते. पण गोड बोलून सांगणार नाही, ते माझ्या तोंडाला जमत नाही. लालबागेत खानावळ आहे माझी. गिरणीतून सुटलेली माणसं ताटावर बसून गोष्टीच सांगतात, आणि त्यातल्या निम्म्या थापा असतात हे मला वाढता वाढता कळतं. तेव्हा लिहायला निघालेल्यांनी आधी रामदासाचं ऐका. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

रामदास माझ्याकडे जेवायचा. दिवसा गिरणीत काम आणि उरल्या वेळात आमच्या चाळीच्या मेळ्यासाठी लेखणी. गणपतीत मेळ्याची गाणी, संवाद सगळं तोच लिहायचा. हात चांगला होता मेल्याचा, खोटं कशाला बोलू? छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, आणि त्यात आमच्या चाळीतला दत्ताराम गेला. मागे बायको बकुळा, तीन वर्षांची पोर, आणि दत्तारामाची आई राधाबाई. त्याच वर्षीच्या गणपतीत दत्तारामावर संवाद करायचं मेळ्यानं ठरवलं आणि रामदासानं तो लिहून काढला.

रविवारी दुपारी पंगती उठल्यावर माझ्याच खानावळीत तालीम लागली. बकुळा आणि राधाबाईंना मानानं पुढं बसवलं. दत्ताराम झालेला गडी चपला घालतो. बकुळा झालेली कांता दाराशी येते आणि पदर सावरून विचारते, "धनी, कुठं चाललात?" आणि तो छाती पुढं काढून म्हणतो, "मुंबई आणायला!"

टाळ्या पडल्या! पोरांनी बाकं बडवली. मी मात्र घासत होते ते पातेलं तसंच ठेवलं.

अहो, आम्ही कोकणातली माणसं! घरातून पाऊल बाहेर टाकणाऱ्याला 'कुठं' म्हणून कधी विचारतो का? 'कामाला का?' म्हणावं, 'जाऊन या' म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. 'कुठं' विचारलं की काम तरी मोडतं, नाहीतर माणूस तरी. हसा, तुम्ही खुशाल हसा. पण राधाबाईंना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आणि रामदासाला हे ठाऊक नव्हतं का? मालवणचाच की तो! पण त्याला टाळीचं उत्तर आधी सुचलं होतं. आता उत्तराला प्रश्न लागतो, म्हणून तो उचलून बकुळेच्या तोंडात कोंबला. असलं लिहू नका. माणसानं काय म्हटलं असतं ते आधी बघा, तुमची टाळी गेली चुलीत.

राधाबाई उठल्या. सगळ्यांदेखत सुनेला म्हणाल्या, "म्हणजे तू इचारलंस! तरीच माझो झील परत येवक नाय!"

"मी इचारूक नाय, आई," बकुळा म्हणाली, आणि खाली मान घालून बसली.

कोण ऐकतंय! नाटकात आलं म्हणजे ते खरंच. राधाबाईंनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, गणपती पोचले की बकुळेनं आपलं चंबूगबाळं उचलून माहेरी जायचं. पोर मात्र मिळायची नाही. नवऱ्याला खाल्लेल्या बाईच्या हाती माझ्या लेकाची पोर देणार नाही, म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. रामदासाचा दंड धरला आणि त्याला मोरीपाशी ओढला.

"शुंभा, हे काय लिहिलंस?"

"सुंदरामावशी, असंच झालं असं थोडंच म्हणतोय मी? जरा रंगवावं लागतं."

"मग भिंत रंगव! बाईच्या तोंडाला काळं कशाला फासतोस? तो जाताना काय बोलला, ही काय बोलली, विचारलंस कधी तिला? एका माळ्यावर राहता ना रे?"

"विधवा बाईला असलं कसं विचारायचं? संकोच वाटतो."

"वा रे शहाण्या! तिला विचारायचा संकोच, आणि सगळ्या चाळीसमोर तिच्या तोंडी खोटं घालताना नाही वाटला?"

संध्याकाळी त्याचा दंड पुन्हा धरला. तसाच फरफटत बकुळेकडे नेला. राधाबाई देवळात गेल्या होत्या. बकुळा तांदूळ निवडत बसलेली. रामदासानं जमिनीकडे बघत विचारलं, आणि ती सांगायला लागली.

"नळावरून आले तर हे चपला घालत होते. म्हटलं, भाकऱ्या झाल्यात, खाऊन जा. तर म्हणाले, झाकून ठेव, आल्यावर खातो."

"आणि ते, कुठं चाललात म्हणून?" रामदासानं चाचरत विचारलं.

तिचा हात सुपात थांबला. "विचारलं होतं," ती म्हणाली. "पाठीमागून. हे काही न बोलता गेले. पण विचारणारी मी नव्हते."

त्या घरात तेव्हा आणखी मोठं माणूस एकच होतं.

"बये, मग बोलत का नाहीस? पोर जाईल की हातची!"

"बोलले तर त्या जगतील का, मावशी? पोराला आपणच घालवलं हेच त्यांच्या उरावर बसलंय. जेवत नाहीत, बसल्या जागी दचकतात. आज माझ्यावर ढकललं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. राग येतो मला, नाही असं नाही. पोर तर मी मेले तरी सोडायची नाही. पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

बाहेर पडलो. जिन्यात रामदास थांबला. डोळे कसे चमकत होते त्याचे! "मावशी, काय जबरदस्त गोष्ट आहे ही! हीच बसवतो!"

जिन्यातच कानफटात दिली मी. "खबरदार! पोर हातची जायची वेळ आली तरी ती म्हातारीला उघडं पाडत नाही, आणि तू चव्हाट्यावर मांडणार? सापडलं ते सगळं लिहायचं नसतं, मुडद्या! काही गोष्टी ज्याच्या त्यानं सांगायच्या असतात."

गाल चोळत म्हणाला, "मग लिहू तरी काय?"

"भाकऱ्या लिही!"

हे तुम्हाला सांगते आहे ते पुढं जे झालं ते सगळ्या चाळीनं पाहिलं म्हणून. नाहीतर माझी जीभ झडली असती तरी सांगितलं नसतं.

गणपतीत संध्याकाळी चाळीच्या पटांगणात मेळा उभा राहिला. बकुळा पोरीला मांडीवर घेऊन पुढं, शेजारी राधाबाई. म्हातारीनं दात आवळून धरले होते. तो प्रश्न कधी येतो याची वाट बघत होती. दत्ताराम चपला घालायला लागला.

"भाकऱ्या झाल्यात, खाऊन जा," कांता म्हणाली.

"झाकून ठेव. आल्यावर खातो."

आणि तो गेला. कांतानं भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं घातलं आणि ती तिथंच बसली. एक टाळी पडली नाही. रामदास माझ्या कानाशी लागला, "पडलं, मावशी, साफ पडलं." मी म्हटलं, "थोबाड बंद कर."

तेवढ्यात पुढून राधाबाईंचा आवाज आला. रडत नव्हत्या, कुणाला हिशेब सांगावा तसं सांगत होत्या. "आणि खंय चल्लंस म्हणान मी इचारलंय. मीयाच इचारलंय गो. बकुळेन नाय इचारूक."

बकुळेनं मांडीवरची पोर उचलली आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

"नीट धरा, आई," ती म्हणाली. "झोपलीय ती."