दोन अंगणांखालचे टाके

मी एक म्हातारी वाम आहे, सापासारख्या लांब अंगाची मासळी. वरून येणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. मला या अंधारात आणले तेही वरून आलेल्या पोहऱ्यानेच.

मित्रांनो, आमच्या माल्टा बेटावर नदी नाही, तळे नाही. हिवाळ्यात सपाट छपरांवर पडलेला पाऊस घराखालच्या खडकात खोदलेल्या टाक्यात उतरतो आणि त्यावर कोरडा उन्हाळा काढायचा असतो. समुद्रावरून एकेक राज्यकर्ते आले, किल्ले बांधून गेले. आता बंदरात इंग्रजांच्या युद्धनौका उभ्या असतात. टाकी मात्र जुनीच आहेत. त्यांत वाम सोडायची इथे रीत आहे. मी डासांच्या अळ्या खाते, पाणी निवळ राहते. घरधनी होता तोवर तो माझे कौतुक करी, पावाचा चुरा टाकी. तो गेल्यावर मला कुणी हाक मारली नाही.

या टाक्याला दोन तोंडे आहेत. एक त्या घरधन्याच्या विधवेच्या, चेन्साच्या अंगणात. दुसरे भिंतीपलीकडे, जिथे तिच्या दिराने आपला वाटा परगावच्या विस्तीन नावाच्या गवंड्याला विकला. त्या उन्हाळ्यात पाणी भराभर उतरू लागले.

पलीकडे कप्पी वाजली की चेन्साचे हात थांबत. "परगावची माणसं," ती माझ्याकडे वाकून पुटपुटे, "आंघोळी करतात की बोटी धुतात?"

पलीकडून विस्तीनची बायको तोना म्हणे, "पाणी कुठं जातंय विचारता? चेन्सामावशीचं अंजीर बघा. सगळ्या गावाची पानं करपली, हिचं तेवढं हिरवंगार."

"हळू बोल, ऐकू जाईल," विस्तीन म्हणे.

"जाऊ दे की."

चेन्साने झाडाला थेंबही घातला नव्हता. तिचा पोहरा मी ओळखत होते, तोनाचाही. दोघी काटकसरीनेच पाणी काढत. मला संशय होता तो टाक्याच्या भिंतीतून आत आलेल्या एका केसाळ दोरीचा. दर वर्षी ती जाड होत होती. मी तिला चावूनही पाहिले. तिने हालचाल केली नाही.

ऑगस्टमधल्या मरियामातेच्या सणापर्यंत पाणी इतके आटले की चेन्साच्या पोहऱ्यात मीच वर आले. तिने मला तसेच उन्हात ठेवले आणि भिंतीवरून हाक मारली. "विस्तीन, वाम वर आली. पाऊस यायला अजून अवकाश आहे. आता तरी खरं सांग."

तो आला. "मी खाली उतरून बघतो, मावशी. दोर तुम्ही धरा."

"मी का? तुझी बायको धरेल."

"तिनं धरला तर म्हणाल, नवराबायकोचं संगनमत आहे."

तिने दोराचा अंजिराच्या खोडाभोवती वेढा घेतला आणि टोक हातात धरले. दुसरे टोक कमरेला बांधून तो खडकातल्या खाचांवर पाय ठेवत खाली गेला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "गिलावा फाटलाय. तुमचं अंजीर आत आलंय, मावशी. थोडं ते पितंय, बाकीचं फटीतून खडकात जातंय."

"खोटं. माझ्या माणसानं लावलेलं झाड आहे ते."

मी पोहऱ्यातून तिचे हात पाहत होते. बोटे सैल झाली, दोर हातभर सरकला. खाली पाय घसरल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटले आणि दोर घट्ट ओढून धरला.

तो वर आला तेव्हा त्याच्या हातात त्या केसाळ दोरीचा, म्हणजे मुळाचा तुकडा होता आणि कापल्या जागी अंजिराचा पांढरा चीक. चेन्साने तो हुंगला. मग तिने झाडाच्या खोडावरून हात फिरवला.

"कुऱ्हाड आहे तुझ्याकडे?"

"फट बुजवली तर झाड राहील, मावशी."

"मूळ पुन्हा येईल. आण."

झाड गेले. विस्तीनने चुन्यात खापरांचा चुरा कालवून फट लिंपली. मला परत सोडले. तळाशी उरलेले पाणी दोन्ही घरांनी पहिल्या सरींपर्यंत पुरवले. पलीकडे कप्पी वाजली की चेन्सा अजूनही कान देते. मीही सावध होते.

मित्रांनो, पाणी जपा आणि त्याची गळती आधी आपल्या अंगणात शोधा. संशय मनातून काढा असे मी सांगत नाही, मला स्वतःलाच ते जमलेले नाही. पण ज्याचा संशय आहे त्याचा दोर कधी तुमच्या हाती आला, तर तो सोडू नका.