मोजे घातलेल्या बाटल्या

तिसऱ्या बाटलीच्या मोज्याला टाचेपाशी भोक होतं आणि त्यातून लेबलावरचं एक सोनेरी अक्षर माझ्याकडे बघून डोळा मारत होतं.

"आई, ह्याला ठिगळ लाव ना पटकन!"

"दारूच्या बाटलीच्या मोज्याला ठिगळ!" आई म्हणाली. "माझ्या सात पिढ्या धन्य झाल्या." पण सुई-दोरा घेऊन आली. टाका घालता घालता तिने विचारलं, "भांड्यांचा साबण कोण पितं गं या घरात? परवा आणलेली बाटली आज तळाला गेली."

"मी नाही बाई," मी म्हणाले. मी तेव्हा बाबांच्या जुन्या काळ्या मोज्यात चौथी बाटली कोंबत होते आणि ती काही केल्या जात नव्हती. महागाची होती. महागाच्या बाटल्यांचे खांदे रुंद असतात.

हे दर सहा महिन्यांनी आमच्याकडे घडतं. बाबा आणि त्यांचे तीन दोस्त वर्गणी काढतात, चार वेगवेगळ्या स्कॉच आणतात आणि रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांची परीक्षा घेतात. पैसे तेवढेच आणि चवी भरपूर, तेव्हा पुढचे सहा महिने कोणती प्यायची हे एकदा नीट ठरवून टाकायचं. लेबल बघून कुणी भुलू नये म्हणून बाटल्यांना मोजे. कोणत्या मोज्यात कोण हे फक्त मला ठाऊक. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मापून ओतायचं कामही माझंच. आईची अट एकच: "नाक चालेल, जीभ नाही." मला तशीही जीभ लावायची नव्हती. मी एकदा झाकण नुसतं हुंगलं होतं तर डोळ्यांतून पाणी आलं होतं.

आणि सगळ्यात मजेचा असतो तो चोर. प्रत्येकापुढे पाच ग्लास असतात. चारांत स्कॉच, पाचव्यात गार झालेला कोरा चहा, पाणी घालून अगदी त्याच रंगाचा. चोर प्रत्येकाच्या रांगेत वेगळ्या जागी. आधी हुंगायचं, मग मत सांगायचं आणि मगच घोट घ्यायचा. चोराला जो स्कॉच म्हणेल त्याने सगळे ग्लास घासायचे. म्हणजे वीस.

बाबा आजवर एकदाही फसले नव्हते. दोस्त त्यांना नाकसाहेब म्हणतात. बाबा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. आमच्या जिन्यात ते चढताना-उतरताना प्रत्येक मजल्यावर क्षणभर थांबतात, श्वास घेतात आणि सांगतात, "दुसऱ्या मजल्यावर डावीकडे, नळी बदलायला झालीये." मग बेल वाजवून फुकट बदलून देतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा जिन्यात असेच थांबतात.

फक्त त्या दिवशी सकाळी एक गोष्ट झाली होती. दूध जळलं. नुसतं उतू नाही गेलं, जळलं. पातेल्याचा तळ कोळसा, धूर बैठकीपर्यंत. आणि बाबा त्या शेगडीपासून दोन पावलांवर, तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते.

"अहो, दूध!" आई न्हाणीतून ओरडत आली.

"अगं, बातमी मोठी होती," बाबा म्हणाले.

मी नंतर पेपर बघितला. ते पान कोड्याचं होतं.

मला पूर्वी एखादी गोष्ट कळली तरी मी ती पोटात ठेवायचे. या वर्षी मी नववीत गेले आणि वादविवादाच्या संघात निवडले गेले, तेव्हापासून माझ्या पोटात काही राहत नाही. बाबा बर्फ घ्यायला स्वयंपाकघरात आले तशी मी दार लोटलं.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?"

बर्फाचा ट्रे त्यांच्या हातात तसाच राहिला.

"हळू बोल."

"तापापासून?"

त्यांनी मान हलवली. तो ताप येऊन महिना झाला होता. "येईल म्हणतात डॉक्टर. येईल किंवा नाही येणार."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"आणि सांगून काय करू? शेगडीवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर कोण बोलावेल मला? गवंड्याला ओळंबा दिसेना असं झालं ते." ते हसले, पण ओठांच्या वरच. "ह्या तिघांच्याच तोंडून मला निम्मी कामं मिळतात."

मी खरोखर घाबरले. आणि घाबरले की मी योजना करते. "हे बघा, चोर आला की मी खोकते. आणि धुरकट वासाची आली की चमचा पाडते."

"बडबडे, काही पाडू नकोस."

"मग चोरच नको ठेवायला. चहा सांडला म्हणून सांगते."

"चोर ठेवायचा," बाबा म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली.

तिघं एकदमच आले. टेलरकाका, गळ्यात रविवारीसुद्धा मापाची टेप. ड्रायव्हरकाका, जे बस चालवतात आणि घरातही कुणी मध्ये आलं की तोंडाने हॉर्न देतात. आणि तिसरे आमचे गणिताचे सर. होय, माझेच. शाळेत ते माझी वही तपासतात आणि सहा महिन्यांतून एकदा मी त्यांचा ग्लास भरते.

"या वेळी पद्धतशीर करायचं," सर बसता बसता म्हणाले. "चवीला दहापैकी गुण द्यायचे, त्याला किमतीने भागायचं. भागाकार मोठा ती बाटली खरी. भावनेला जागा नाही."

"मास्तर, निदान खारे दाणे तरी न भागता खाऊ द्या," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मी ओतलं. सुरुवात टेलरकाकांनी केली. ते प्रत्येक वासाचं कापडात भाषांतर करतात. "ही मलमल. ही जरा जाडसर, खादीच्या वळणाची. आणि ही... अरे बापरे, ही तर इस्त्रीखाली जळलेली लोकर!" चोर त्यांनी बरोबर पकडला. ड्रायव्हरकाकांनीही पकडला. "ह्यात इंजिनच नाही," म्हणाले.

मग सर. सरांनी दुसरा ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, दोनदा हुंगला. "ह्याला वय आहे. बारा वर्षं तरी ओकच्या पिंपात काढलीयेत."

"घ्या घोट," मी म्हणाले. आवाज शक्य तितका सरळ ठेवून.

सरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो मरेपर्यंत विसरणार नाही.

"पत्ती कुठली गं?" ड्रायव्हरकाकांनी मला विचारलं आणि भला मोठा हॉर्न दिला. टेलरकाका टेबलावर डोकं ठेवून हसत होते. आईसुद्धा आतून बाहेर आली, सरांकडे बघितलं आणि घासणी टेबलावर ठेवून निघून गेली.

मग सगळे बाबांकडे वळले, कारण आता त्यांची पाळी होती आणि शेवटचा शब्द नेहमी त्यांचा असतो.

बाबांनी पहिला ग्लास उचलला. हुंगला नाही. दोन थेंब तळहातावर घेतले, दुसऱ्या हाताने चोळले, हात नाकाशी नेला. हे ते आधीही कधी कधी करायचे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्यांनी तळहातावर हळूच फुंकर मारली, थांबले आणि ग्लास बाजूला सरकवला.

"हा चोर."

टाळ्या! "नाकसाहेब ते नाकसाहेब!" मी तर उडीच मारली. आणि उडी मारता मारता मला कळलं. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा कसं गारगार लागतं! स्कॉच हातावर उडून जाते, गार लागते. चहा नुसता ओला राहतो. बाबांनी चोर हाताने पकडला होता. नाक लागलंच नव्हतं.

मला वाटलं, सुटले! पण खेळ कुठे संपला होता? आता उरलेल्या चारांचा क्रम लावायचा होता. कोणती गोड, कोणती धुरकट, कोणती पैसे वसूल.

बाबांनी पहिला ग्लास परत उचलला. नाकाशी नेला. दोस्त पुढे वाकून बसले होते. मला घशात खोकला आला, खराखुरा आला, आणि मी तो गिळला.

"बोला, राजे," ड्रायव्हरकाका म्हणाले.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "मला काहीच वास येत नाहीये," ते म्हणाले. "महिना झाला. तापापासून गेलाय. आत्ताचा चोर मी हातावर ओळखला."

ड्रायव्हरकाकांनी हातातले दाणे परत बशीत ठेवले.

"अहो, पण..." टेलरकाका सावकाश म्हणाले, "तुम्ही गेल्याच आठवड्यात आमची शेगडी दुरुस्त करून गेलात."

ही ती वेळ होती. बाबा जिला घाबरत होते ती. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"केली," बाबा म्हणाले. "प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. वायू सुटत असला तर फेसाला बुडबुडे येतात. एकदा बघितलं, पुसलं, परत लावून बघितलं. नाक होतं तेव्हाही फेस लावायचोच, पण एकदाच. आता दोनदा लावतो. नाकाएवढी ऐट नाही त्यात, पण फेस खोटं बोलत नाही."

टेलरकाकांनी बाबांकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "तरीच! तरीच बायको म्हणाली, ह्या वेळी भावजींनी शेगडी अशी लख्ख धुऊन दिलीये की जणू नवी! मी म्हटलं, धुण्याचे वेगळे पैसे तर मागणार नाहीत ना!"

"म्हणजे साबण तुम्ही संपवलात!" आई दारातून म्हणाली. ती केव्हाची तिथे उभी होती कोण जाणे. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचा होता. "महिनाभर! आणि मी ह्या पोरीवर संशय घेतेय! मला तरी सांगायचंत."

"सांगणार होतो."

"केव्हा? घर जळल्यावर?"

"ते दूध होतं, वहिनी, घर नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले, कारण दुधाची बातमी मी त्यांना दार उघडतानाच दिली होती. मग ते उठले आणि बाबांच्या पाठीत एक धपका घातला. "माझ्या मेहुणीची शेगडी भकभक करतेय. उद्या जा. फेस तिकडचाच वापरा, ती साबणाची एजंट आहे."

बाबा हसले. या वेळी पूर्ण.

"पण न्यायाधीश कोण?" सरांनी विचारलं. "गुण कोण देणार? भागाकार अडलाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि आपली खुर्ची मागे सरकवली. "ही देईल. फक्त नाकाने."

"जिभेला लागली तर बघा!" आई म्हणाली.

मी बाबांच्या खुर्चीवर बसले. सांगते, मला वादविवादाच्या व्यासपीठावरसुद्धा असं वाटलं नव्हतं. पहिला ग्लास दुरूनच धरला, बाबांनी शिकवलं तसं तोंड किंचित उघडं ठेवून. "पिकलेलं केळं. आणि बिस्किटाचा पुडा फोडल्यावर येतो तो वास."

"ही मिश्र, चार ठिकाणची एकत्र केलेली," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "साधी, पण भांडत नाही कुणाशी. पुढे?"

"दुसरीत मध आहे. हिरवं सफरचंद. तिसरी..." मी परत हुंगलं. "मनुका. आणि पेन्सिलीला टोक केल्यावर सालं निघतात ना, ती."

"शेरीच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या पिंपात मुरलेली. अजून काय? पाण्याचा थेंब टाक आणि परत बघ."

मी थेंब टाकला. "बाबा, चॉकलेट! मगाशी नव्हतं!"

"असतं, आत दडून बसलेलं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्या ग्लासात खरंच डोकावत होते. "शेवटची?"

"विझवलेली शेकोटी. आणि दवाखान्याची पट्टी. शी!"

"शी नाही. ओली दलदलीची माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर धान्य सुकवतात. धुराच्या मागे बघ. मागे काही गोड आहे?"

मी धुराच्या मागे गेले. आणि होतं! अगदी सकाळच्या दुधासारखं, जळायच्या आधीचं.

मनुकेवालीला मी नऊ गुण दिले, तिघांनीही मान डोलावली. पण सरांनी भागाकार केला तर पहिली आली ती स्वस्त, केळंवाली. मनुकेवाली तिसरी आणि महागाची धुरकट तळाला.

"हा अन्याय आहे!" टेलरकाका ओरडले. "असं असेल तर चहाचंही गणित करा की!"

सरांनी तेही केलं. चवीला एक गुण, किंमत जवळजवळ काहीच नाही. चोर सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

"घ्या!" ड्रायव्हरकाका म्हणाले. "मास्तरांनी मगाशी बरोबर ओळखली होती. बारा वर्षांची!"

शेवटी मनुकेवाली ठरली, भावनेने. सर वीस ग्लास घासत होते आणि मी शेजारी उभी राहून पुसत होते. "ह्याला अजून तेलकट लागतंय, सर," मी म्हणाले. मला माहीत आहे, वहीत ह्याचा बदला येणार आहे. येऊ दे.

सगळे गेल्यावर बाबा तसेच टेबलाशी बसले होते, मनुकेवालीचा ग्लास पुढ्यात घेऊन. तो त्यांनी उचलला, नाकाशी नेला, थांबले.

"पेन्सिलीची सालं म्हणालीस ना?"

"हो. आणि चॉकलेट."

"हं," बाबा म्हणाले आणि ग्लास तसाच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला निघाले. महिनाभर पिशवीच्या तळाशी पाना-पकडींखाली दडवलेली साबणाची बाटली आता बाहेर, पट्ट्याला बांधलेली होती. आईने तिला बाबांचाच एक जुना मोजा घातला होता. ठिगळाचा.

मी कठड्यावरून वाकून बघत होते. पावलं खाली गेली. तिसऱ्या मजल्यावर थांबली. बाबा उभे राहिले, नेहमीसारखा एक लांब श्वास घेतला आणि तसेच उभे राहिले.

मी धावत खाली उतरले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेतला.

"काही नाही, बाबा. कुणीतरी चहा टाकलाय फक्त."

त्यांनी मान हलवली. आम्ही दुसऱ्या मजल्याकडे उतरलो.